गव्हाण आणि गल्ला

डिसेंबर महिना उजाडला की जगभरच्या ख्रिस्ती व्यासपीठांवरून एक तक्रार नेमाने ऐकू येऊ लागते. नाताळ उरला, पण नाताळातला ख्रिस्त हरवला, असे तिचे स्वरूप असते. लाल डगल्यातला सांताक्लॉज, कापसाचा बर्फ, विजेच्या दिव्यांनी लखलखणारे झाड, भेटवस्तूंची खरेदी आणि खरेदीवरची सूट या साऱ्या गर्दीत, ज्याच्या जन्माचा हा सण त्या बालकालाच जागा उरलेली नाही, असे सांगण्यात येते. तक्रार खोटी नाही. परंतु ती इतकी अंगवळणी पडली आहे की, हरवले ते नेमके काय, केव्हा आणि कोणाच्या फायद्यासाठी, हे विचारण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. ते विचारू गेल्यास मात्र उत्तर केवळ धर्मशास्त्रात सापडत नाही. अर्थव्यवहाराच्या इतिहासातही ते शोधावे लागते.

प्रथम मूळ कथा पाहू. लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथा देवदूतांच्या गायनाने नव्हे, तर एका सरकारी फर्मानाने सुरू होते. ऑगस्टस कैसराने शिरगणतीचा हुकूम काढला. आणि साम्राज्याची शिरगणती म्हणजे करवसुलीची पूर्वतयारी. त्या हुकुमापायी नाझरेथचा एक सुतार आपल्या गरोदर वाग्दत्त वधूला घेऊन बेथलेहेमला जातो. उतारशाळेत जागा मिळत नाही, म्हणून जन्मलेले मूल गुरांच्या गव्हाणीत ठेवले जाते. ही वार्ता प्रथम कळते ती रात्री उघड्या रानात मेंढरे राखत बसलेल्या माणसांना, म्हणजे आजच्या भाषेत रात्रपाळीच्या मजुरांना. मत्तयने सांगितलेल्या कथेत पुढे राजा हेरोद बालकांची कत्तल करवतो आणि हे कुटुंब जीव वाचवण्यासाठी इजिप्तची वाट धरते. शिवाय मुलाच्या जन्माआधी मरियेच्या तोंडी जे स्तोत्र आहे, त्यात सत्ताधीशांना पदच्युत करणाऱ्या, भुकेल्यांचे पोट भरणाऱ्या आणि श्रीमंतांना हात हलवीत परत धाडणाऱ्या परमेश्वराचा गौरव आहे. कर, स्थलांतर, बेघरपण, रात्रपाळी, राजाची दहशत आणि निर्वासन इतका ऐहिक मजकूर या कथेच्या अंगभूत आहे. नाताळचा ख्रिस्ती अर्थ जपायचा म्हणजे हा मजकूर जपायचा. तो वगळून नुसते येशूचे नाव ठेवले, तर जपले ते नावच.

आता, एके काळी नाताळ निर्भेळ धार्मिक सण होता आणि अलीकडे तो बाटला, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात कोठेही नाही. चौथ्या शतकात रोममध्ये ती रूढ झालेली दिसते आणि त्या ऋतूत तेथे मेजवान्यांची व दिवे लावण्याची परंपरा आधीपासून होती. युरोपभर पसरताना या सणाने शेतकऱ्यांच्या हिवाळी उत्सवांतले पुष्कळ काही उचलले. इतके की, अत्यंत कडवे ख्रिस्तीच त्याच्यावर उलटले. इंग्लंडमध्ये प्युरिटनांच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ साजरा करण्यास बंदी घातली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली कायदा करून नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. ख्रिस्ताच्या नावाने ख्रिस्तजन्माचा सण बंद करणाऱ्या या मंडळींचा हेतू शुद्धच होता. त्यांना खटकत होती ती दारू, दंगा आणि दारोदार हिंडणारी टोळकी.

त्या टोळक्यांचीही एक कथा आहे. अमेरिकन इतिहासकार स्टीफन निसेनबॉम यांनी नाताळवरील आपल्या १९९६ सालच्या ग्रंथात ती विस्ताराने मांडली आहे. पीक घरात आलेले, जनावरे कापलेली, मद्य मुरलेले आणि शेतीचे काम थांबलेले, अशा त्या दिवसांत गावचे मजूर धन्याच्या दारात जात, गाणी म्हणत आणि खाणेपिणे हक्काने मागत. धन्याने ते द्यावे अशी रूढीच होती. वर्षभर खालमानेने राबणारा माणूस या काही दिवसांपुरता मागणारा होई आणि धनी देणारा होई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कसारख्या वाढत्या शहरात मजूर व मालक यांच्यातला हा जुना संबंध तुटला होता. दारात येणारा जमाव आता ओळखीचा राहिला नव्हता आणि सुखवस्तू घरांना त्याची धास्ती वाटू लागली होती. नेमक्या त्या काळात तेथील वरिष्ठ वर्गाने नाताळ रस्त्यावरून उचलून दिवाणखान्यात नेला. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कवितेने संत निकोलसला धुराड्यातून उतरणारा लठ्ठ, आनंदी पाहुणा करून टाकले आणि १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला आजचे रूप देण्यास सुरुवात केली. देण्याची रूढी कायम राहिली. घेणारा मात्र बदलला. दाराबाहेरच्या गरिबाच्या जागी घरातलेच मूल आले.

या एका बदलाकडे धर्मचिंतकांचे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. सांताक्लॉजची टोपी आणि त्याची हरणे हा गौण भाग आहे. आपल्याच मुलांना वस्तू देणे ही ममता आहे आणि तिच्याविरुद्ध कोणी काही बोलू नये. परंतु तिला दानधर्माचे तेज चढवले गेले आणि दारातला माणूस चित्रातून नाहीसा झाला, ही खरी हानी होती. गिऱ्हाइकाची ममता ही व्यापाऱ्याच्या दृष्टीने कधीही न आटणारी मागणी असते. पुढचे सारे त्यातूनच घडले.

चार्ल्स डिकन्सला हे जाणवले असावे. १८४३ साली इंग्लंडमधील खाणींत व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचून तो इतका अस्वस्थ झाला की, गरिबांच्या मुलांच्या बाजूने एक पत्रक काढण्याचा विचार त्याने केला. पत्रकाऐवजी त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याची नाताळवरची सुप्रसिद्ध गोष्ट बाहेर पडली. आज ती चित्रपटांतून व शाळांच्या संमेलनांतून कंजूष म्हाताऱ्याच्या हृदयपरिवर्तनाची गोड कथा म्हणून मिरवते. वस्तुतः तिचा प्रारंभ एका कामगार-तंट्यातून होतो. कारकुनाला नाताळची भरपगारी रजा द्यावी की नाही, त्याच्या खोलीतल्या शेगडीला कोळसा किती मिळावा, आणि शेवटी त्याचा पगार किती वाढावा, हे त्या कथेतले मुद्दे आहेत. भुते त्यानंतरची.

विसाव्या शतकात तर धर्माचे पंचांगच बाजाराने हाती घेतले. अमेरिकेत आभारप्रदर्शनाचा राष्ट्रीय सण नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी येई आणि त्यानंतर नाताळची खरेदी सुरू होई. १९३९ साली हा गुरुवार महिन्याच्या ३० तारखेला येत होता. खरेदीचे दिवस कमी पडतात म्हणून मोठ्या दुकानदारांनी सरकारकडे धरणे धरले आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो सण एक आठवडा अलीकडे, २३ तारखेला आणला. देशात गहजब झाला. सुमारे निम्म्या राज्यांनी नवी तारीख मानली, निम्म्यांनी जुनीच पाळली. टेक्ससने तर दोन्ही पाळल्या. अखेर १९४१ च्या डिसेंबरात कायदा होऊन चौथा गुरुवार कायम ठरला. मंदीने पिचलेल्या देशात विक्री वाढावी हा रूझवेल्ट यांचा हेतू समजण्यासारखा आहे, आणि त्यांच्या एकंदर कामगिरीपुढे ही गोष्ट किरकोळ आहे. पण देवाचे आभार कोणत्या तारखेला मानायचे हे दुकानाच्या वहीवरून ठरावे, याची त्याहून स्पष्ट कबुली दुसरी मिळणार नाही.

चर्चच्या पंचांगात नाताळपूर्वीचे सुमारे चार आठवडे हा आगमनकाळ असतो. तो प्रतीक्षेचा, संयमाचा आणि आत्मपरीक्षणाचा काळ. म्हणून धर्मगुरूंची वस्त्रेही त्या दिवसांत जांभळ्या रंगाची असतात. उत्सव सुरू होतो तो २५ डिसेंबरला आणि जुन्या परंपरेने तो ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. बाजाराने हे उलटे केले. प्रतीक्षेचे आठवडे तोच उत्सव झाला आणि २६ डिसेंबरला झाड कचऱ्यात गेले. प्रतीक्षा करणारे गिऱ्हाईक दुकानाच्या काय कामाचे? धर्मगुरूंनी खरे तर या मुद्द्यावर अडून बसावयास हवे होते, कारण सणाचा काळ हातून गेला की अर्थ राखणे कठीण होते.

या खरेदीचे फलित काय, याचाही हिशेब एका अर्थशास्त्रज्ञाने मांडला आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली असे दाखवले की, भेटवस्तूला पडलेली किंमत आणि घेणाऱ्याच्या लेखी तिचे असलेले मूल्य यांत एकदशांशापासून एकतृतीयांशापर्यंत तूट येते. तेवढी संपत्ती नुसती वाया जाते. आकडेमोड चोख आहे. मात्र पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांनी तान्ह्या मुलापुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवला, त्याला ही कसोटी लावली तर गंधरसावरची तूट शंभर टक्के भरेल, आणि अर्थशास्त्राच्या मर्यादाही तेथेच उघड होतील. अधिक विचार करण्याजोगी तूट निराळीच आहे, आणि ती या हिशेबात येत नाही. जगातल्या नाताळ-सजावटीचा फार मोठा भाग चीनमधील यीवू शहरात व त्याच्या आसमंतात तयार होतो, आणि तो तयार करणाऱ्यांत दुसऱ्या प्रांतांतून पोटासाठी आलेले मजूर मोठ्या संख्येने असतात. मेंढपाळांची जागा त्यांनी घेतली आहे, पण वार्ता त्यांच्यापर्यंत मालाच्या मागणीच्या रूपानेच पोचते.

अर्थ जपण्याचे प्रयत्न कोणी केलेच नाहीत असे नाही. बिल मॅकिबेन या पर्यावरणवादी लेखकाने आपल्या मेथडिस्ट पंथातील काही सहकाऱ्यांबरोबर, प्रत्येक कुटुंबाने नाताळवर शंभर डॉलरांपेक्षा अधिक खर्च करू नये असा आग्रह धरला आणि १९९८ साली त्यावर पुस्तकही लिहिले. प्रयत्न प्रामाणिक आहे. तथापि तो मध्यमवर्गीयाच्या घराच्या उंबरठ्याआतच थांबतो. ज्याच्यापाशी खर्चायला शंभर डॉलर नाहीत त्याला काटकसरीचा उपदेश नको असतो, आणि दुकानात उभा असलेला नोकर त्या उपदेशाने घरी लवकर जात नाही.

या दृष्टीने दोन मोहिमा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. दोन्ही जवळजवळ एकाच वेळच्या. इंग्लंडमध्ये मोठी दुकाने नाताळच्या दिवशीही उघडण्याची चिन्हे दिसू लागली तेव्हा दुकान-कामगारांच्या संघटनेने पाठपुरावा केला, मजूर पक्षाचे खासदार केव्हन जोन्स यांनी विधेयक मांडले, आणि २००४ साली कायदा झाला. २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांनी इंग्लंड व वेल्समध्ये नाताळच्या दिवशी उघडू नये, असा तो कायदा आहे. स्कॉटलंडमध्ये त्याच धर्तीचा कायदा २००७ साली झाला. दुसरी मोहीम अमेरिकेतली. २००५ च्या सुमारास तेथील उजव्या दूरचित्रवाणी-वक्त्यांनी ‘नाताळवर हल्ला होत आहे’ अशी आवई उठवली. हल्ला कोणता? तर काही दुकान-साखळ्या गिऱ्हाइकांना नाताळच्या नावाने शुभेच्छा न देता ‘सुट्टीच्या शुभेच्छा’ देतात. त्याबद्दल धार्मिक संघटनांनी बहिष्काराच्या हाका दिल्या. काही दुकानांनी जाहिरातीतले शब्द बदलले आणि मोहिमेने विजय साजरा केला.

एका मोहिमेने विक्रेत्या मुलीला त्या दिवशी घरी राहण्याचा अधिकार मिळवून दिला. दुसरीने गल्ल्यावर उभ्या असलेल्या त्याच मुलीच्या तोंडी कोणते शब्द असावेत एवढेच ठरवले. ती मुलगी किती तास उभी आहे, तिचे मूल कोणाजवळ आहे, तिला नाताळच्या आदल्या रात्री किती वाजता सोडणार आहेत, यांपैकी कशासाठीही ती बहिष्काराची हाक नव्हती. पहिल्या कायद्याच्या मजकुरात येशूचे नाव नाही. दुसऱ्या मोहिमेत ते पदोपदी होते. गव्हाणीची कथा ज्याने एकदा लक्षपूर्वक वाचली आहे त्याला, नाताळचा ख्रिस्ती अर्थ यांपैकी कोणी जपला हे ठरवताना फार वेळ लागू नये.

भारतात हा प्रश्न आणखी एका अंगाने बिकट होतो. येथे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे आणि मॉलमधला नाताळ त्याने आणलेला नाही. मुंबईच्या दमट हवेत कापसाचा बर्फ पसरणारे आणि घंटांचे ते प्रसिद्ध इंग्रजी गाणे लावणारे (१८५७ सालच्या त्या गाण्यात ख्रिस्त तर नाहीच, नाताळही नाही) व्यापारी बहुधा कोणत्याच पंथाचे उपासक नसतात. तरीही त्याचा राग निघतो तो ख्रिस्ती माणसावर किंवा कोणत्याही धर्माच्या गरिबावर. २०२१ च्या डिसेंबरात आग्र्यात काही हिंदुत्ववादी मंडळींनी सांताक्लॉजचे पुतळे जाळले. २०२४ च्या नाताळात इंदूरमध्ये, घरोघर खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या एका कामगाराला त्याच्या अंगावरचा सांताचा पोशाख भर रस्त्यात उतरवायला लावण्यात आला. तो पोशाख म्हणजे त्याच्या कामाचा गणवेश होता. अमेरिकेत नोकराच्या जिभेवर झुंज झाली, इंदुरात त्याच्या अंगावरच्या कपड्यावर झाली. दोन्हीकडे झुंजणारे आपण धर्म राखत आहोत अशा समजुतीत होते आणि दोन्हीकडे सांताला, म्हणजे जाहिरातदाराच्या बाहुल्याला, ख्रिस्ताचा प्रतिनिधी मानले गेले.

लोकप्रिय संस्कृती तेवढी वाईट असा निष्कर्ष येथे कोणी काढू नये. लोकांनी घडवलेली संस्कृती आणि लोकांना विकण्यासाठी घडवलेली संस्कृती यांत अंतर आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत सांगितले आणि १६१६ साली राचोलला त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. वसाहतीच्या सत्तेच्या छायेत झालेले ते धर्मप्रचाराचे काम होते हे विसरता येत नाही. पण येथील श्रोत्याच्या कानाला ओळखीच्या असलेल्या छंदात बेथलेहेमची कथा उतरली, म्हणून ती त्या श्रोत्याची झाली. गोव्यात नाताळच्या सुमारास नेवऱ्या, दोदोल यांनी भरलेली ताटे हिंदू शेजाऱ्यांच्या घरी जातात आणि दिवाळीच्या फराळाची ताटे उलट येतात. या देवघेवीत ना धर्म बुडतो, ना वॉल्डफोगेल यांची तूट येते. वसईच्या ख्रिस्ती समाजातून आलेले मराठी साहित्यिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (त्यांचे २०२४ साली निधन झाले) यांनी मराठीत बायबल आणले आणि त्याच वसईतल्या हिरव्या पट्ट्यावरच्या बिल्डरशाहीविरुद्धच्या लढ्यात ते उतरलेही. मराठी ख्रिस्ती परंपरेत शब्द आणि भूमी यांची अशी फारकत न करणारी माणसे आहेत. या वादात त्यांचे नाव अधिक घेतले जावे.

नाताळचा गोठा मांडण्याची प्रथाही मुळात अशाच हेतूतून आली. १२२३ साली इटलीतील ग्रेचो या खेड्यात असिसीच्या फ्रान्सिसने जिवंत बैल, गाढव आणि गवत आणून जन्माचा देखावा उभा केला, तो शोभेसाठी नव्हे. त्या तान्ह्या जीवाला काय काय मिळाले नाही, हे डोळ्यांनी दिसावे अशी त्याची इच्छा होती. आठशे वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरात, गाझातील संहारामुळे खुद्द बेथलेहेमने रोषणाई आणि मिरवणुका रद्द केल्या. तेथील ल्यूथरन चर्चने गोठा मांडला तो पडक्या इमारतीच्या दगडमातीचा, आणि त्या ढिगाऱ्यात बालयेशूची मूर्ती ठेवली. विकण्याजोगे त्यात काहीच नव्हते.

महाराष्ट्रापुरता एक व्यावहारिक मुद्दा उरतो. २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली. त्याच अधिनियमात कामगारांना सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी आपसात ठरवावयाच्या. बँका आणि सरकारी कचेऱ्या २५ डिसेंबरला बंद असतात. मॉलमध्ये मात्र तो दिवस अशा चारांत धरला जातो की नाही, हे तेथील कामगारांच्या संघटित ताकदीवर अवलंबून आहे, आणि ती ताकद आज फारशी नाही. दिवाळी, ईद आणि आंबेडकर जयंती यांनाही हाच नियम लागू आहे. वसई आणि वांद्र्याच्या चर्चमधून येत्या आगमनकाळात बाजारू नाताळविरुद्ध प्रवचने होतीलच. त्या प्रवचनांना बसणाऱ्यांपैकी काही जण संध्याकाळी मॉलमधल्या कामावर जातील, आणि त्यांच्याबरोबर गल्ल्यावर उभे राहणारे बरेचसे सहकारी ख्रिस्ती नसतील. या सर्वांची सुट्ट्यांची यादी वर्षारंभी ठरते. चर्चच्या सामाजिक मंडळांनी आणि कामगार कार्यकर्त्यांनी ती एकत्र बसून पाहावी, यासाठी जानेवारीपर्यंतचा अवधी आहे.